टाकीवरून काढलेला व्हिडिओ

तांडा, ता. मानोरा
३ एप्रिल

करण भिया,

जय सेवालाल. तू म्हनशीन निकितानं कागद काहून लिवला. मंगळवारी जेलात भेटाले आली होती ना मी, काचेच्या अलीकडं. तो फोन कानाले लावला अन् तोंडातून एक शब्द निघाला नाही. मांगं लाईन लागलेली, सारे ऐकून राह्यले होते. याडीच बोलली, माय हाये ते. मले घरी पाव्हना आला तरी बोलता येत नाही, तुले माहीत हाये. पन लिवता येते. आठवीतून ऊसतोडीले गेली तरी अक्षर बिघडलं नाही मायं.

२९ मार्चच्या भांडनात तुले धरून नेल्यावर इथं काय चाललं ते सांगतो. जिल्हा परिषदेचं मतदान राह्यलं बाजूले, आता तांड्यात टीव्हीचंच मतदान हाये. हेमला नायकाच्या ओट्यावर शिडीवाल्या पार्टीचा चॅनल लागते, सीताबाईच्या दुकानात छत्रीवाल्याचा. सात वाजले की अर्धा तांडा इकडं अन् अर्धा तिकडं. नायकाच्या टीव्हीवर सांगतात, छत्रीच्या गुंडाइनं प्रचाराच्या गाडीवर हल्ला केला. सीताबाईच्या टीव्हीवर सांगतात, शिडीवाल्याइनं तांड्यातल्या बायाइवर काठ्या चालवल्या. अन् व्हिडिओ दोघाइचा एकच! आपल्या होळीचा. रामीबाई काठी हानून राह्यली, तू काठी घेऊन मांगं सरकून राह्यला, तोंडावरून लाल रंग गयून राह्यला. शिडीवाल्या चॅनलनं तुया तोंडाभोवती लाल गोल काढला अन् खाली लिवलं, हाच तो करण. रंगाले रक्त म्हनतात भिया! पयसाच्या फुलाचा रंग तो, याडीनं घरी उकयलेला.

जेलवाले साहेब हा कागद वाचतीन म्हनून लिवतो. साहेब, आमच्या होळीत बाया काठ्या घेऊन गोडाचा हंडा राखतात. पोट्टे तो पयवाले जातात. बाया सपासप हानतात, खऱ्याच हानतात. पोट्ट्यानं काठी दोन हातानं आडवी धराची अन् मार अडवाचा. उगाराची नाही. उगारली तं तांड्याचा नायक दंड करते. व्हिडिओत माया भावाची काठी आडवी हाये, तुमी पाहा.

तुया दोस्त नवीन अजून अकोल्याच्या दवाखान्यात हाये. डोये उघडले नाही त्यानं. रामीबाई तिथंच बसून हाये पोराजवय. तुयाच वर्गातला, तुयाच ताटातला, अन् निवडनूक आली तं तो शिडीत अन् तू छत्रीत. काहून गेले तुमी दोघं दोन बाजूले?

होळीचा व्हिडिओ टीव्हीवाल्याले कोनं देल्ला माहीत नाही.

जेवत जाजो.
निकिता

*

जेल
८ एप्रिल

निके,

तुया कागद भेटला. फुटलेलं होतं पाकीट, म्हंजे वाचला त्याइनं.

इथं बी टीव्ही हाये. आमच्या बराकीत शिडीवालाच चॅनल लागते, शिपायाची मर्जी. परवा सात वाजता माया फोटो आला, लाल गोलासकट. मंगरूळकडचा बापूराव नावाचा एक हाये इथं, खुनाच्या केसमधला. तो उठला अन् म्हने, बाईमानसावर काठी उचलते का बे? म्या म्हनलं, काका, ते होळी हाये. तो म्हने, टीव्ही खोटं सांगते अन् तू खरं? ओल्या टॉवेलात साबनाची वडी बांधून चार झनाइनं हानलं मले. तोंडावर ब्लँकेट टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी भात खाता खाता दाताचा तुकडा लागला, मले वाटलं खडा हाये. याडीले सांगू नोको.

आता काम आयक. पार्टीनं वकील देल्ला हाये. तो म्हनते, करण, तुयाइरुद्ध या व्हिडिओशिवाय काहीच नाही. हा होळीचा हाये हे दाखवलं की जमानत होते. त्याच्यासाठी ज्यानं काढला त्याचा फोन पाहिजे, तारखेसकट. वकिलाले टीव्हीवरून तारीख दिसत नाही.

म्या नवीनले हात लावला नाही. गोटमारी चालू झाली अन् तो गाडीवरून खाली पडला. तू टाकीवर होती त्या दिवशी. पन तिथून गाडीच्या मांगचं दिसत नाही. हो ना?

अन् एक इचारतो. तो व्हिडिओ म्या इथं धा खेपा पाह्यला. वरून काढला हाये. माया डोक्यातला भोवरा दिसते त्यात. आपल्या तांड्यात गर्दी झाली की पान्याच्या टाकीवर कोन चढून बसते निके?

करण

*

तांडा
१३ एप्रिल

करण भिया,

नवीन गेला. धा तारखेले.

गाडीतून आनला त्याले. शिडीवाले नेते सोबत आले, टीव्हीवाले बी. उतरवल्याबरोबर त्याच्या अंगावर शिडीचा झेंडा टाकला. रामीबाईनं तो झेंडा ओढून काढला, म्हने, माया लेकराले उबारा होते, काढा हे. त्याइनं बाईले दोन झनाइनं धरून बाजूले नेलं अन् पुन्हा टाकला. मंग फोटो काढले.

मसनात जाऊन येता येता तीच मानसं आपल्या घरावर आली. दुपारचे तीन वाजले असतीन. बा म्हनत होता, आमी बी त्याच्यासाठी उपाशी हावो आज. कोनी आयकलं नाही. लोखंडी पाइपानं बाचा उजवा हात मोडला, हाड बाहेर आलं, पांढरं. मंग गोठ्यातल्या कुटारावर रॉकेल टाकून पेटवलं. आपला तांब्या बैल आत होता भिया. दावं तोडाले त्यानं मान एवढी हासडली की खुटा उपटला, पन दार लावलेलं. तो मानसावानी वरडला. मी टाकीवर होती. कान दाबले तरी आयकू येत होतं.

संध्याकायी दोन्ही चॅनलच्या गाड्या आल्या. छत्रीवाल्याइनं जयलेला बैल दाखवला, नवीनची चिता नाही दाखवली. शिडीवाल्याइनं चिता दाखवली, बैल नाही दाखवला. दोघाइच्या मधात पन्नास पावलं नसतीन. एक कॅमेरावाला तं मांगं मांगं सरकून राह्यला होता, दुसरं दिसू नये म्हनून.

आता तू इचारलं त्याचं सांगतो. व्हिडिओ म्या काढला. टाकीवरून. होळीत उतराची लाज वाटते मले. मानोऱ्याचा विकास, तो टीव्हीले बातम्या देते ना, तो त्या दिवशी होळी पाहाले आला होता. वर पाहून म्हने, ए पोरी, तिथून चांगलं दिसत असन, पाठवजो मले. सनावाराच्या कार्यक्रमात लावतो, खाली तुयं नाव येईन. भिया, मले आजवर कोनी म्हनलं नव्हतं की तुयं काही पाहिजे म्हनून. म्या पाठवला. चार दिवस सीताबाईच्या दुकानात मीठ आनाले, काडीपेटी आनाले जाऊन जाऊन टीव्ही पाहत होती मी, नाव येते का म्हनून. मंग आला तं तुया तोंडाभोवती गोल.

विकासले इचाराले याडीले पाठवलं. तो म्हने, म्या होळी म्हनूनच देल्ला होता वरती, अन् वरती मागनाऱ्या सगळ्याइलेच देल्ला, पुढचं माया हातात नाही.

फोन म्या विहिरीत टाकला. मले माफ कर.

निकिता

*

जेल
१९ एप्रिल

निकिता,

तू समोर असती तं तुये हात तोडले असते म्या. ज्या हातानं पाठवला त्याच हाताचं एक एक बोट. तुयं नाव पाहिजे होतं टीव्हीवर! घे, आता मायं नाव पाहा.

नवीन गेल्याचं इथं तुया कागदाच्या आधीच समजलं होतं, टीव्हीवरून. त्या दिवशी बापूरावनं संडासात मायं डोकं भिंतीले धरून घासलं. एक भुवई उरली नाही. त्याले बी एक लेक हाये म्हने नवीनच्या वयाचा. मारता मारता रडत होता तो. काय करन तो.

बाचा हात कसा हाये? तांब्याले कुठं गाडलं?

आयक. विहिरीत टाकला ते खोटं हाये. तुले तो फोन तीन सीझन ऊस तोडून भेटला. तू तो विहिरीत टाकशीन का? तू ज्वारीच्या पोत्यात लपवला असन, जसी लहानपनी गोया लपवे. काढ. वकिलाजवय दे.

अन् छत्रीवाले टीव्हीवर तुले दाखवाले तयार हायेत. वकिलानं जमवलं. तीन तारखेले ते तांड्यात येतीन. तुले दोनच वाक्य म्हनाचे हायेत. पयलं, हा व्हिडिओ होळीचा हाये, म्या काढला. दुसरं, नवीन गाडीवरून पडला, म्या पाह्यलं. एवढंच. मंग तुया भाऊ घरी. ओढनीनं तोंड झाकून म्हन, पन म्हन. आरशासमोर रोज म्हनून पाहा.

हात तोडतो म्हनलं ते मनावर घेऊ नोको. मायं डोकं ठिकानावर नाही.

करण

*

तांडा
२४ एप्रिल

करण भिया,

पोत्यातच होता फोन. तुले कसं समजलं.

बाच्या हातात सळई टाकली. तांब्याले वावराच्या धुऱ्यावर गाडलं.

मी देनार होती वकिलाले. पन सोमवारी रामीबाई आली. मले वाटलं मारालेच आली. याडी तं दाराआड खुरपं घेऊन उभी राह्यली. रामीबाई आली अन् खाली बसली. म्हने, निकिता, त्या टीव्हीत मी काठी हानून राह्यली ना, त्याच्या मांगं माया नवीन हाये का गं? टीव्हीवाले तेवढाच तुकडा दाखवतात अन् तुयाच भावाजवय आनून थांबतात. पुढचं हाये का तुयाजवय?

म्या पोतं सोडलं. फोन काढला, चार्ज केला. याडीनं चहा मांडला. तिच्या घरी सुतक, आपल्या घरी जयल्याचा वास, अन् दोघी एकाच चुलीजवय.

भिया, टीव्हीवर तो नऊ सेकंदाचा हाये. माया फोनात पावनेचार मिनिटाचा. तू मांगं सरकते, मंग हंड्याजवय नवीन येते. रामीबाई आपल्याच लेकाले हानते. तो काठी आडवी धरते अन् हसते. वरडते, याडी, हळू ना वं, लगन व्हाचं हाये मायं! मंग तू मांगून येऊन त्याच्या काठीले आपली काठी जोडते, दोघं मिळून अडवता. रामीबाई हानून हानून थकते अन् खालीच बसते हसत हसत.

ती म्हने, आवाज वाढव. म्या वाढवला. ती म्हने, पुन्हा लाव. अकरा खेपा लावला. बाराव्या खेपेले तिनं फोनवर हात ठेवला, जसी तोंडावर ठेवते ना, बस कर म्हनून.

मंग तिनं पदरातून एक काठी काढली. नवीनच्या हातातली, त्या दिवशीची, झेंडा लावलेली. दवाखान्यात नेतानी गाडीतच राह्यली होती म्हने. दोन तुकडे. मधातून तुटली भिया. बरोबर मधातून. तिनं दोन्ही तुकडे जमिनीवर जोडून ठेवले अन् म्हने, गाडीवरून पडला तं काठी मधातून कशी तुटन? हे तं आडवी धरलेली काठी हाये. माया पोरानं आडवी धरली होती. कोनीतरी वरून हानलं. कोनं हानलं ते मी तुले इचारत नाही निकिता. तू लहान हायेस.

अन् गेली.

मी तुले इचारतो. काठी मधातून कशी तुटली?

निकिता

*

जेल
३० एप्रिल

निकिता,

असं कागदात लिवत असतात का? हे लोक वाचतात. तो कागद म्या गियला, खरंच गियला, पान्यासोबत.

काठीचं कोनाले बोलू नोको. रामीबाईजवय जाऊ नोको. फोन वकिलाले दे. तीन तारखेले टीव्हीवाले येतीन. दोन वाक्य.

काल दोन नवे पोट्टे आले बराकीत, शिडीवाल्याचेच, दुसऱ्या गावातल्या भांडनातले. आता इथं बी दोन बाजू झाल्या. टीव्हीच्या रिमोटवरून एकाचा कान चावून तोडला. कान खाली पडला होता फरशीवर अन् बातम्या चालूच होत्या.

मले इथून काढ निके. मी इथं मरून जाईन.

करण

*

तांडा
८ मे

करण भिया,

तू मले टीव्हीवर पाह्यलं असन. तुया बराकीत शिडीवाला चॅनल लागते, म्हंजे तू मले एवढंच म्हनतानी आयकलं असन, माया भावानं नवीनले काठी मारली. म्हनून हा कागद पूर्न वाच. मले माहीत हाये जेलवाले साहेब बी वाचतीन. वाचू दे.

तीन तारखेले छत्रीवाले आले. त्याइच्या मांगंच शिडीवाले आले, विकासनं खबर देल्ली असन. सीताबाईच्या दुकानासमोर मले उभं केलं. तोंडासमोर दोन माइक, दोघाइवर दोन रंगाचे डब्बे. तांडा सगळा जमलेला. माये पाय असे कापत होते की चप्पल वाजून राह्यली होती. नायक म्हने, बोल बेटा. म्या टाकीकडं पाह्यलं. मंग डोये मिटून बोलली, एका दमात. एवढं मी आजवर कधीच बोलली नव्हती.

सीताबाईच्या टीव्हीवर रात्री दाखवलं. मी म्हनून राह्यली, व्हिडिओ होळीचा हाये, पयला गोटा शिडीवाल्याच्या गाडीवरून आला. बस. नायकाच्या टीव्हीवर दाखवलं. मी म्हनून राह्यली, माया भावानं नवीनले काठी मारली. बस. खाली दोघाइनं एकच लिवलं, तांड्यातल्या मुलीचा मोठा खुलासा. मधात कुठं कापलं ते दिसत बी नाही. मीच पाह्यलं तं मले वाटलं, एवढंच बोलली का मी?

दुसऱ्या दिवशी सकायी नळावर छत्रीवाल्याच्या बायाइनं माये केस धरले, पान्याची गुंडी डोक्यात हानली, म्हने, भावाले खाल्लं तू. दुपारी शिडीवाल्याच्या पोट्ट्यानं गोटा हानला, खांद्याले लागला, म्हने, आमच्या पार्टीले बदनाम करते. घरी आली तं बानं डाव्या हातानं मारलं, सळई नसलेल्या. याडीनं नाही मारलं, पन बोलत बी नाही.

आता मी काय बोलली ते पूर्न लिवतो. हे कोनी कापलं तं कागद फाटलेला दिसन.

म्या म्हनलं, हा व्हिडिओ होळीचा हाये. म्या टाकीवरून काढला. लाल दिसते तो रंग हाये.

म्या म्हनलं, मार्चच्या २९ तारखेले बी मी टाकीवर होती. शिडीवाल्याची गाडी आली, छत्रीवाल्याइनं रस्ता अडवला. शिव्या झाल्या. पयला गोटा शिडीवाल्याच्या गाडीवरून आला, तो माया भावाच्या डोक्यावर लागला. मंग छत्रीवाल्याइनं बी गोटे मारले, पोतं भरून आनले होते आधीच. म्हंजे भांडन कराचंच होतं दोघाइले बी.

म्या म्हनलं, करणचं डोकं फुटलं होतं, एक डोया रक्तानं भरला होता. त्यानं झेंड्याची काठी घेतली अन् गाडीमांगं धावला. टाकीवरून गाडीमांगचं दिसते. नवीन तिथं गोट्याइले चुकवत उभा होता. करणले पाहून तो हसला. काईतरी म्हनला. अन् दोन हातानं काठी आडवी धरली, होळीत धरते तसी. करणनं उगारली, माया भावानं नवीनले काठी मारली. एकदा हानली, नवीनची काठी मोडली. दुसऱ्यानं डोक्यात लागली. मंग माया भावानं काठी फेकली अन् त्याच्याजवय बसला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोलीस आले तवा तो तसाच बसला होता. पयाला नाही.

हे सगळं म्या बोलली. शेवटचं त्या दोघाइनं बी कापलं.

भिया, तुले हे लिवतानी मले टाकीवरून खाली पडल्यासारखं वाटून राह्यलं. पन रामीबाईनं मले इचारलं नाही ना, मी लहान हाये म्हनली, म्हनून सांगनं आलं. तिनं मारलं असतं तं म्या नसतं सांगितलं.

फोन वकिलाले देल्ला नाही. तुले पंधरा तारखेले कोर्टात आनतीन. मी येनार हाये. फोन आनीन, रामीबाई काठीचे तुकडे आनीन. तिथं लोकाइसमोर मले बोलता येईन का नाही माहीत नाही, म्हनून हेच सगळं दुसऱ्या कागदावर लिवून ओढनीत बांधून आनीन. जज साहेबाले म्हनीन, वाचा. तू आधी बोलला तं माया कागद ओढनीतच राहीन.

एकच गोष्ट टाकीवरून आयकू नाही आली. नवीन तुले काय म्हनला? रामीबाई रोज इचारते. तिले मी सांगू शकत नाही, तूच सांगू शकते.

तुयी निकिता

*

जेल
१६ मे

निके,

काल कोर्टात तू उठली तं तुयी चप्पल वाजत होती. मले पिंजऱ्यातून आयकू येत होती. तुया हात ओढनीच्या गाठीवर गेला अन् गाठ सुटेना. तू दात लावला. तेवढ्यात म्या बोललो. वकील माया हात दाबत होता, म्या सोडवून घेतला. तुया कागदात होतं तसंच बोललो, कमी नाही, जास्त नाही. तू पटकन गाठ पुन्हा आवळली ते पाह्यलं म्या.

जमानत होनार नाही आता. वकील बी सोडून गेला. बाले सांगजो, सरकारी वकील भेटते.

संध्याकायी सात वाजता इथं टीव्ही लागला. शिडीवाला म्हने, छत्रीच्या गुंडाची कबुली. शिपायाची ड्युटी बदलली तं दुसऱ्यानं छत्रीवाला लावला. तो म्हने, दबावाखाली कबुली. पयला गोटा कोनाचा, गोट्याचं पोतं कोनाचं, एकानं बी नाही सांगितलं. बापूरावनं टीव्ही बंद केला. मायाजवय येऊन बसला. मले वाटलं आता मारते. म्हने, खरं बोलला का बे तू? म्या म्हनलं, हाव. त्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकर मायाकडं सरकवली. मले चावता येत नाही हे त्याले माहीत हाये, त्यानंच दात फोडले. त्यानं ती वरनात भिजवून देल्ली.

तुया कागद फाडू नोको. माया बी फाडू नोको. दोन्ही सोबत ठेवजो.

आता रामीबाईसाठी. तिच्यासमोर बसून वाचजो, आवाज वाढवून.

रामीबाई, माया डोयात रक्त होतं. समोर शिडीचा झेंडा दिसला, त्याच्या मांगचं तोंड म्या पाह्यलं नाही. आवाज आयकला तवा समजलं नवीन हाये. तरी हात थांबला नाही. थांबवता आला असता. हे म्या जज साहेबाले बी सांगितलं.

तो हसून राह्यला होता. त्यानं काठी आडवी धरली अन् म्हनला, "होळी होऊन गेली ना बे करण, पुन्हा लावली का?"

करण